टाचेची दोरी आणि औषधाची गोळी

विद्यार्थिमित्रहो, आपल्या टाचेच्या किंचित वर, मागच्या बाजूस, अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरता येईल असा एक ताठ पट्टा प्रत्येकाच्या हाताला लागतो. चवड्यांवर उभे राहून पाहा. तो ताणलेल्या दोरासारखा कठीण होईल. टाच पुन्हा जमिनीला टेकवा. तो किंचित सैल पडेल. जुनी माणसे त्याला ‘घोडशीर’ म्हणत. शास्त्रीय भाषेत अशा पट्ट्यास ‘कंडरा’ असे नाव आहे. स्नायू हा हाडाला ओढणारा बैल मानला, तर कंडरा हे त्या बैलाचे जोत होय. बैल कितीही बलवान असो, जोत तुटले की गाडा जागच्या जागी थांबतो.

आपल्या देहात अशा कंडरा पुष्कळ आहेत. सुश्रुतसंहितेत मोठ्या कंडरांची संख्या सोळा सांगितली असून त्यांपैकी चार पायांत, चार हातांत, चार मानेत व चार पाठीत असल्याचा उल्लेख आहे. टाचेची कंडरा त्या सर्वांत जाड व बळकट. पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणे हे तिचे काम. आपण धावतो, उडी मारतो, जिना चढतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण ती सोशीत असते. पाश्चात्त्य वैद्यकात तिला ग्रीक पुराणातील वीर अकिलीस याचे नाव मिळाले आहे. त्याच्या आईने त्याला बालपणी टाचेला धरून दिव्य नदीत बुडविले. त्यामुळे त्याचे सर्वांग अभेद्य झाले, परंतु हातात धरलेली टाच तेवढी कोरडी राहिली व अखेर तेथेच त्याला बाण लागला. १६९३ साली फिलिप व्हेरहेयेन या शरीररचनाशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात या कंडरेला अकिलीसचे नाव दिले. आपल्याकडेही श्रीकृष्णाच्या अवताराची समाप्ती जरा नावाच्या व्याधाने पायावर मारलेल्या बाणाने झाली, अशी कथा महाभारतात आहे. पाय हे बलवंताचेही मर्मस्थान आहे, हे दोन्ही देशांच्या कथाकारांनी ओळखले होते.

आता एक प्रश्न विचारतो. पोटाच्या, छातीच्या अथवा लघवीच्या विकारासाठी घेतलेल्या गोळीने ही टाचेची दोरी दुखावेल काय? दुखणे एका ठिकाणी, औषध तोंडावाटे, आणि इजा भलत्याच जागी, असे घडू शकेल काय? ऐकणाऱ्यास हे खरे वाटणार नाही. परंतु असे घडते, आणि ते जगातील वैद्यकशास्त्राने आता निर्विवादपणे मान्य केले आहे. ते कोणत्या औषधाने घडते, का घडते, आणि आपल्या घरातील माणसांचे त्यापासून रक्षण कसे करावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. माझे शिक्षण भाषा व साहित्य यांचे, वैद्यकाचे नव्हे. म्हणून तज्ज्ञांनी मान्य केलेल्या गोष्टी सोप्या शब्दांत मांडणे एवढीच मर्यादा मी स्वतःला घालून घेतली आहे.

रोगजंतूंचा नाश करणाऱ्या औषधांना आपण ‘प्रतिजैविके’ म्हणतो. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला. पुढे आपल्या देशातही ते तयार व्हावे म्हणून पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली ‘हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. या औषधांनी असंख्य प्राण वाचविले, यात शंका नाही. तथापि प्रत्येक गुणाबरोबर काहीना काही दोष आलाच. क्षयावरील पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन. पण त्याने काही रोग्यांच्या कानाचे पडदे शाबूत असूनही श्रवणशक्ती गेली, कारण ते आतल्या कानातील नाजूक पेशींना इजा करते. औषधाच्या अशा अनपेक्षित कृतीला ‘दुष्परिणाम’ म्हणतात. ज्या औषधाला काहीच दुष्परिणाम नाही, असे कोणी सांगू लागला तर ते औषधही नसावे, असे खुशाल समजावे.

टाचेशी वैर करणाऱ्या औषधांच्या कुळाचे नाव ‘फ्लुओरोक्विनोलोन’ असे आहे. नाव अवघड असले तरी या कुळातील मंडळी आपल्या घरोघरी येऊन गेलेली आहेत: सिप्रोफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन. आडनावावरून जसे घराणे ओळखावे, तसे नावाच्या शेवटी येणाऱ्या ‘फ्लॉक्सॅसिन’ या अक्षरांवरून हे कुळ ओळखता येते. ही एक खूण तुम्ही ध्यानात ठेवलीत, तरी या लेखाचे अर्धे काम झाले.

या कुळाचा उगम मोठा मनोरंजक आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या तेलंगणापर्यंत येऊन पोचतो. मंचेरियलहून दक्षिणेस जाणाऱ्या गाडीने आपण सिकंदराबादला जातो. त्याच सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी प्रथम पाहिला. हिवतापाविरुद्ध मग जगभर औषधे शोधली गेली. त्यांतील एक क्लोरोक्विन. ते तयार करताना एक जोडपदार्थ हाती येई. अमेरिकेतील जॉर्ज लेशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला आणि त्यातून १९६२ साली नॅलिडिक्सिक आम्ल हे जंतुनाशक औषध जगापुढे ठेवले. ते मुख्यतः मूत्रमार्गाच्या विकारापुरतेच उपयोगी होते. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूत फ्लुओरीनचा एक अणू बसविला आणि औषधाची शक्ती अनेक पटींनी वाढली. १९८७ साली अमेरिकेत सिप्रोफ्लॉक्सॅसिनला मान्यता मिळाली आणि हे कुळ जगभर पसरले.

ही औषधे जंतूला मारतात कशी, हेही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक जीवाणूच्या पोटात डी. एन. ए. नावाचा एक धागा असतो. हा धागा जीवाणूच्या स्वतःच्या लांबीच्या शेकडो पट लांब असल्यामुळे तो पीळ देऊन, गुंडाळून ठेवावा लागतो. एका जीवाणूचे दोन होताना हा पीळ उलगडावा लागतो. पतंगाचा मांजा गुंतला म्हणजे आपण काय करतो? एके ठिकाणी तोडतो, गुंता सोडवितो आणि पुन्हा गाठ मारतो. जीवाणूत हेच काम एक विकर करीत असते. फ्लुओरोक्विनोलोन नेमका डाव साधते: विकराने धागा तोडला की त्याला गाठ मारू देत नाही. तुटलेला धागा तुटलेलाच राहतो आणि जीवाणू मरतो. आपल्या पेशींतील विकरे वेगळ्या घडणीची असल्याने या नेहमीच्या मात्रेतील घावातून सहसा सुटतात.

या औषधाचे उपकार विसरून चालणार नाही. १९९० च्या सुमारास आपल्या देशात विषमज्वराचे, म्हणजे टायफॉइडचे, अनेक जंतू क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि को-ट्रायमॉक्सॅझोल या तिन्ही जुन्या औषधांना दाद देईनासे झाले. त्या काळात सिप्रोफ्लॉक्सॅसिनने अनेक रोग्यांना मृत्यूच्या दारातून परत आणले. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आजही आधारस्तंभ आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये भारत सरकारने अशा क्षयासाठी जी नवी, सहा महिन्यांची उपचारपद्धती मान्य केली, तिच्या चार औषधांतही मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आहे. तेव्हा हे औषध दुष्ट आहे असे कोणी समजू नये. ते धारदार आहे, इतकेच.

या धारेचा दुसरा अंग प्रथम दिसला तो १९८३ साली, न्यूझीलंडमध्ये. मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रुग्णास नॉरफ्लॉक्सॅसिन दिल्यावर टाचेच्या कंडरेला सूज आल्याचे तेथील डॉक्टरांनी पाहिले आणि आपल्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापले. एवढीशी ती नोंद. कोणीही म्हणाला असता, ‘टाच काय, कशानेही दुखते!’ परंतु पुढे फ्रान्समधून आणि इतर देशांतून तशाच नोंदी येऊ लागल्या. काही रुग्णांची कंडरा नुसती सुजली नाही, तर तुटली. अखेर जुलै २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या कुळातील औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत कंडरेविषयीची सूचना छापण्याचा आदेश दिला. तेथे याहून कडक इशारा दुसरा नाही. २०१६ साली त्याच संस्थेने सांगितले की, साधा सायनसचा विकार, साधी श्वासनलिकेची सूज आणि साधा मूत्रविकार यांसाठी दुसरे औषध उपलब्ध असेल तर हे वापरू नये. २०१९ साली युरोपनेही असेच निर्बंध घातले. १९८३ ते २००८ म्हणजे पंचवीस वर्षे झाली. एका टाचेचे दुखणे कोणी तरी कागदावर उतरविले, म्हणून ही वाट सुरू झाली.

कंडरेलाच इजा का व्हावी? याचे उत्तर कंडरेच्या घडणीत आहे. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे सूक्ष्म तंतू सुंभाच्या दोरीसारखे एकत्र वळून कंडरा बनते. या तंतूंच्या अधूनमधून थोड्याशा पेशी असतात. झिजलेले तंतू काढून नवे विणणे हे त्यांचे काम. जणू दोरीच्या आतच बसलेले दोरी वळणारे कारागीर! परंतु कंडरेला रक्ताचा पुरवठा कमी. त्यातही टाचेच्या हाडापासून काही बोटे वरचा भाग विशेष गरीब. म्हणून तेथील दुरुस्ती मंदगतीने चालते आणि कंडरा बहुधा तेथेच तुटते.

या कारागिरांच्या कामात औषध दोन-तीन प्रकारे व्यत्यय आणते, असे प्रयोगांवरून दिसते. एक म्हणजे, फ्लुओरोक्विनोलोनचा रेणू मॅग्नेशियमसारख्या धातूंना घट्ट धरून ठेवतो, आणि कंडरेच्या पेशींना तर मॅग्नेशियमची गरज असते. दूध अथवा आम्लपित्ताची औषधे या गोळीबरोबर लगेच घेऊ नयेत, असे डॉक्टर सांगतात, त्याचेही कारण हेच. दुधातील कॅल्शियम अथवा त्या औषधांतील मॅग्नेशियम गोळीला पोटातच पकडून ठेवते आणि तिचा गुण येत नाही. दुसरे म्हणजे, जुने तंतू कापणारी विकरे या औषधाने अधिक निर्माण होतात. तिसरे म्हणजे, नवे कोलॅजन विणण्याचा वेग मंदावतो. कापणारे वाढले आणि विणणारे थकले, तर दोरीचे काय होईल, हे सांगावयास नको. मात्र यावरून कोणी स्वतःच मॅग्नेशियमच्या गोळ्या घेऊ लागू नये. त्याने कंडरा वाचते असे सिद्ध झालेले नाही, औषधाचा गुण मात्र जाईल. कोवळ्या वयाच्या प्राण्यांवरील प्रयोगांत या औषधाने सांध्यांच्या कूर्चेला इजा झाल्याचे आढळले होते, म्हणून वाढत्या वयाच्या मुलांना ते देताना डॉक्टर विशेष विचार करतात.

आता घाबरून जाण्याचे कारण नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. ही इजा विरळ आहे. औषध न घेणाऱ्या सर्वसाधारण लोकांत टाचेची कंडरा तुटण्याचे प्रमाण वर्षाला लाखात सुमारे एक, आणि हे औषध घेणाऱ्यांत त्याच्या तिप्पट ते चौपट, असा अंदाज अमेरिकेच्या नियामक संस्थेने २००८ साली दिला होता. म्हणजे शेकडो गोळ्या घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही. परंतु हा धोका सर्वांना सारखा नाही. साठ वर्षांवरील माणसे, मूत्रपिंडाचा विकार असणारे, ज्यांच्यात मूत्रपिंड, हृदय अथवा फुप्फुस यांचे रोपण झाले आहे असे रुग्ण, आणि स्टेरॉइड गटाची औषधे घेणारे यांच्यात तो पुष्कळ वाढतो. वय आणि स्टेरॉइड ही दोन्ही कारणे एकत्र आली, तर अधिक जपावे लागते.

हे उदाहरणाने पाहू. समजा, एका घरात आजोबांना जुना दमा आहे. दमा उसळला की डॉक्टर त्यांना काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. पावसाळ्यात त्यांना कफ होऊन ताप आला. लिव्होफ्लॉक्सॅसिन सुरू झाले. ताप उतरला, घरातील सर्वांना हायसे वाटले. चौथ्या दिवशी आजोबा म्हणतात, ‘टाचेच्या मागे ठणकते रे.’ सूनबाई म्हणते, ‘मामंजी, वारा लागला असेल.’ शेजारी सांगतो, ‘वयाचा परिणाम.’ कोणी तेल चोळते, कोणी ‘थोडे चाला म्हणजे मोकळे होईल’ असा सल्ला देते. आजोबा चालतात. आठव्या दिवशी अंगणातील पायरी चढताना मागून कोणी दगड मारल्यासारखे होते, ‘कट्’ असा आवाज येतो आणि ते खाली बसतात. पुढे प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया, आणि कित्येक महिने काठीचा आधार. या सर्वांत कोणाचा हेतू वाईट नव्हता. गोळी आणि टाच यांचा संबंध जोडणारे मात्र त्या घरात कोणी नव्हते.

तो संबंध जोडण्याचे काम, विद्यार्थिमित्रहो, तुम्ही करू शकता. आपल्या भागात कित्येक घरांत आजी-आजोबांना औषधाच्या पाकिटावरची इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत. ती वाचून दाखविणारे तुम्हीच असता. पाकिटावर ‘फ्लॉक्सॅसिन’ दिसले, तर त्या दिवसापासून आणि औषध संपल्यावरही काही काळ घरातल्या माणसाला विचारीत जा, ‘आजोबा, टाच दुखते का? खांदा, मनगट, गुडघा कोठे आखडला आहे का?’ हे दुखणे बहुधा टाचेला होते, परंतु खांद्याच्या आणि हाताच्या कंडरांनाही होऊ शकते. ते पहिल्या दोन दिवसांतही सुरू होते आणि औषध थांबल्यावर कित्येक महिन्यांनीही दिसू शकते. सुमारे निम्म्या रुग्णांत दोन्ही पायांना एकदम त्रास होतो. कोठे न पडता, न धडपडता दोन्ही टाचा एकाच वेळी दुखू लागल्या, तर ते साधे मुरगळणे नव्हे, हे तेव्हाच ओळखावे.

मग करावे काय? पहिली गोष्ट, त्या पायाला पूर्ण विश्रांती द्यावी. चोळू नये, ताणू नये, ‘चालून मोकळे’ करू नये. दुसरी गोष्ट, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून कोणती गोळी चालू आहे ते सांगावे आणि पाकीट बरोबर न्यावे. साधा विकार असेल तर डॉक्टर बहुधा ती गोळी लगेच थांबवून दुसऱ्या कुळाचे औषध देतात. येथे एका गोष्टीचा विशेष उल्लेख केला पाहिजे. क्षयाचे औषध चालू असेल तर ते कोणीही स्वतःच्या मनाने सोडू नये. अर्धवट सोडलेला क्षय पूर्वीपेक्षा बलवान होऊन परत येतो आणि घरातील इतरांनाही गाठतो. टाच दुखते आहे हे क्षय केंद्रातील डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे. औषध बदलावे की चालू ठेवावे हे त्यांनी ठरवावे. माझी मातृभाषा कोकणी. आमच्याकडे डॉक्टरांना ‘दोतोर’ म्हणतात. शब्द कोणताही असो, गोळी सुरू करण्याचा आणि थांबविण्याचा अधिकार त्यांचाच, शेजाऱ्याचा नव्हे.

मंचेरियलच्या परिसरात या गोष्टीला अधिक महत्त्व आहे. आपल्या भोवती सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी आहेत. खाणीतला उतार चढणारा-उतरणारा, शेतात वाकून भातलावणी करणारी, रेल्वेच्या फलाटावर ओझे वाहणारा, या सर्वांची रोजची भाकरी टाचेच्या या दोरीवर अवलंबून आहे. कचेरीत बसणाऱ्या माणसाची कंडरा तुटली तर त्याला रजा मिळेल. रोजंदारीवर असणाऱ्याच्या घरची चूल थंड पडेल. शिवाय दगडाच्या बारीक धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांना क्षयाचा धोका अधिक असतो. अशा माणसाला हे औषध खरोखरीच लागण्याचा संभवही अधिक. त्याच्यासाठी औषध आणि टाच, दोन्ही जपावयाची आहेत.

यावरून या लेखातील मुख्य मुद्दा निघतो. धोका पत्करावा, पण कशासाठी? प्राणावर बेतणाऱ्या विकारात टाचेचा थोडा धोका पत्करणे शहाणपणाचे आहे. परंतु साधी सर्दी, दोन दिवसांचा खोकला, लग्नाच्या जेवणानंतरचे जुलाब यांसाठी तो पत्करणे म्हणजे उंदीर मारण्यासाठी घराला आग लावणे होय. सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविकांचा विषाणूंवर काडीचाही परिणाम होत नाही. मुलांच्या जुलाबांपैकी पुष्कळसे विषाणूंमुळेच होतात. तेथे मीठ-साखरेचे पाणी हेच खरे औषध. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांसाठी बनगाव येथे उघडलेल्या छावणीत पटकीची साथ आली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या द्रावणाने असंख्य रुग्ण वाचविले. तरीही आपल्याकडे ‘दोन गोळ्या द्या’ म्हणून दुकानातून परस्पर औषध घेण्याची चाल आहे. उरलेल्या गोळ्या डब्यात जपून ठेवावयाच्या आणि पाहुण्याला ‘मला लागू पडल्या होत्या’ म्हणून द्यावयाच्या, हाही एक प्रघातच. प्रेमाने दिलेल्या त्या गोळीच्या पाठीमागे पाहुण्याचे वय, त्याचे मूत्रपिंड, त्याच्या इतर गोळ्या यांचा विचार कोणी केलेला नसतो.

सरकारने याविषयी नियम केले आहेत. ही औषधे चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून लिव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आणि इतर काही औषधे ‘एच-एक’ या अधिक कडक अनुसूचीत आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद, डॉक्टर व रुग्ण यांच्या नावांसह, दुकानदाराने वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपून ठेवावी लागते. २०१६ साली आरोग्य मंत्रालयाने पाकिटावरील उभ्या लाल रेघेविषयी लोकशिक्षणाची मोहीम काढली. लाल रेघ दिसली की ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून नाही’ असा तिचा अर्थ. परंतु नियम कागदावर असतो. तो घराच्या उंबरठ्याच्या आत आणणे हे घरच्या माणसांचेच काम आहे.

विनाकारण घेतलेल्या गोळीची किंमत दोनदा मोजावी लागते. एकदा घेणाऱ्याच्या टाचेने आणि दुसऱ्यांदा सर्व समाजाने, कारण ज्या औषधाचा अतिवापर होतो त्याला जंतू सरावतात. २०१२ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चार क्षयरोग्यांचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात दिले की, त्यांच्या क्षयजंतूंवर तपासलेले कोणतेच औषध चालेना. त्या औषधांत फ्लुओरोक्विनोलोनही होती. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे अनेक औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध केले जाते. त्या पाण्याची तपासणी करून स्वीडनच्या संशोधकांनी २००७ साली दाखविले की, शुद्ध करून सोडलेल्या एक लिटर पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळते. रोग्याच्या रक्तात औषध जेवढे पोचते, त्याहूनही हे प्रमाण जास्त होते! अशा पाण्यात जगून राहणारा जंतू औषधाला भिणार कसा? उद्या खरोखरीचा विषमज्वर किंवा खरोखरीचा क्षय दारात उभा राहील तेव्हा हे हत्यार बोथट झालेले असू नये, यासाठीही त्याचा वापर जपून व्हावयास हवा.

शेवटी आणखी एक कर्तव्य. न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी जशी नोंद केली, तशी नोंद आपल्यालाही करता येते. औषधांच्या दुष्परिणामांची माहिती गोळा करण्यासाठी भारत सरकारने २०१० साली एक राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला असून त्याचे केंद्र गाझियाबाद येथे भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ या विनामूल्य दूरध्वनी क्रमांकावर डॉक्टरच नव्हे, तर रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही दुष्परिणाम कळवू शकतात. औषधाचे नाव, ते कधी सुरू केले, त्रास कधी सुरू झाला, एवढे व्यवस्थित सांगितले तरी पुरे. शाळेत आपण निबंध लिहितो, दैनंदिनी लिहितो. तेच नेटके लेखन येथे कोणा अनोळखी माणसाचा पाय वाचवू शकेल.

औषधावर आंधळा विश्वास नको आणि आंधळी भीतीही नको. घरी गोळी आली की तिचे नाव वाचावे, ती कशासाठी दिली हे डॉक्टरांना विचारावे, वडीलधाऱ्यांच्या इतर औषधांची त्यांना माहिती द्यावी, आणि कोठे दुखू लागले तर ते लपवू नये, क्षुल्लक मानू नये. ज्या दोरीच्या बळावर आपली वडीलधारी माणसे आयुष्यभर आपल्यासाठी चालली, तिची एवढी विचारपूस आपण करावी, हे उचितच आहे.